तारा येगळा, मास्तर येगळे

मास्तर, तुमच्या शाळेतल्या बाई म्होरं बसल्यात, हातात पेन हाय. शाळंच्या हस्तलिखितात तुमच्यावर पानं काढायची हायेत, तवा म्हनल्या, "गेनबा, तुम्हीही चार शब्द सांगा." मी म्हनलं, बाई, मला सही येती तेवढीच, आन तीबी दर येळेला येगळी. त्या म्हनल्या, "तुम्ही बोला, मी लिहिते. शुद्ध करत नाही." तवा ह्यातलं अक्षर बाईंचं हाय आन बाकी समदा गोंधळ माजा.

शाळेत तुमची शोकसभा झाली. हेडमास्तर बोलले, सरपंच बोलले. तुमी कसे शांत, कसे मोजकं बोलनारे, कुनाला कदी वाकडा शबुद न्हाई. मी मागं पायरीवर बसल्तो. मला कळंना, ह्ये कुनाबद्दल बोलाय लागलेत. माज्या हाटेलात बाकड्यावर मूठ आपटून "गेनू, तुझं डोकं म्हणजे उपडी ठेवलेली कढई आहे, वरून काही ओता, आत जात नाही" आसं म्हननारा मानूस, त्यो ह्यो नव्हं. बाजूला बसलेल्याला मी इचारलंबी, "आपुन चुकून दुसऱ्याच्या सभेला तर न्हाई आलो?" त्यानं माज्याकडं आसं बगितलं की मी पायरीच बदलली.

तर तुमचं गाव, शिक्षन, नोकरी, ते समदं बाकीच्या पानांवर हाय. मला त्यातलं काय ठावं न्हाई. मी तुमचं गुनगान गायला आलो न्हाई. आपलं भांडन ऱ्हायलंय, मास्तर, आन तुमी मधूनच उठून गेला. ते मला मंजूर न्हाई, तेवढं सांगायला आलोय.

आपली वळख त्या काळ्या पाटीपाई झाली. सुपा फाट्यावर माजं हाटेल, वर पत्रा, खाली चार बाकडी, एक भट्टी आन भट्टीवरनं पत्र्यातनं भाईर गेलेलं धुराडं. पुन्या-नगरच्या गाड्या थांबत्यात म्हनून मी शानपना केला आन भाव लिवायला मोठी पाटी आनली. घरी आल्यावर ठकू म्हनली, "आता लिवनार कोन? तुमी का मी?" ठकू म्हंजी माजी बायको. तिच्या जिवावर हाटेल चालतं, मी निस्ता गल्ल्यावर बसून बोलतो. दोन दिस पाटी कोरीच टांगली हुती. तिसऱ्या दिशी तुमी चहाला आला, खिशातनं खडू काढला, इचारलंबी न्हाई, आन भजी, शेव, मिसळ समदं लिवून मोकळं झाला. अर्धी पाटी उरली. तुमी म्हनला, "ही अर्धी माझी."

तवापास्नं दर बाजारच्या दिशी तुमी तुमच्या अर्ध्या पाटीवर आकाशातलं कायतरी एक लिवायचा. लोकं चहा पीत वाचायची, आन ज्याला वाचता येत न्हाई त्यो मला इचारायचा. मला कुटं वाचता येतंय. पर मालक मीच, न्हाई कसं म्हनू? तुमी जे सांगितलेलं आसंल ते पाठ करून मी ठोकून द्यायचो. एकदा तुमी बाजारच्या आदल्या दिशीच येऊन पाटी बदलून गेला, आन मी आपला पुन्याच्या एका भल्या मानसाला आधीचंच सांगाय लागलो. पाटीवर चंद्र, माज्या तोंडात शनी. त्यो मानूस पाटीकडं बगतोय, माज्याकडं बगतोय. शेवटी म्हनला, "मालक, चंद्राला कडं कधी बसवलं?" मी म्हनलं, "कालच्याला." त्यानं मिसळ अर्धी टाकली आन गाडीत जाऊन बसला. तुमाला सांगितलं तर तुमी इतकं हासला की ठसका लागला. ह्ये सभेत कुनी सांगितलं न्हाई.

दुष्काळाच्या साली दूधच न्हवतं. समोरच्या रस्त्यावर मानसं खडी फोडत हुती, आन आमी गुळाचा काळा चहा इकत हुतो. तुमी त्येबी प्याला आन एक दिस म्हनला, "गेनू, तुला आज मेलेल्या ताऱ्याची गोष्ट सांगतो." मी म्हनलं, "मास्तर, हितं जिती मानसं मरायला टेकल्यात, तुमी मेल्याचं काय काढलं?" तुमी म्हनला, "म्हणूनच. मेलेलाही गप्प बसत नाही, ते सांगतो."

मंग तुमी सांगितलं. तारा जळून जळून सपतो. कोसळतो, आकसतो. इतका आकसतो की सुप्यातनं निघून नगरकडं चाललं तर चास गाव येईस्तवर त्यो सपला. तेवढासा गोळा, पर वजनाला आपल्या सूर्यापरीस जड. आन कवा कवा त्याला जोडीदार आसतो, दुसरा तारा, जिता, फुगलेला. ह्यो मेलेला त्याच्या अंगावरचा वायू वढून घेतो, आन त्यो वायू आसा जोरात याच्यावर पडतो की त्यातनं जो उजेड निगतो त्यो आपल्या डोळ्याला दिसतच न्हाई. नगरच्या दवाखान्यात छातीचा फोटू काढत्यात, ते किरन. आपल्या हवेतनं ते खाली येत न्हाईत, म्हनून परदेशी लोकांनी यंत्र हवेच्या वर सोडलंय, ते फिरत फिरत बगतंय.

मी म्हनलं, "म्हंजी मेलेला जोडीदाराच्या जिवावर जगतोय."

"बरोबर."

"त्यात काय नवल? आमच्या घरात जिताच जगतोय."

ठकू आतनं म्हनली, "खरं बोलला एकदा."

हितवर आपलं भांडन न्हवतं. भांडन पुढं लागलं. तुमी म्हनला, ह्यो पडलेला वायू त्या गोळ्यावर थरावर थर साचत जातो. वरनं दाब, खालनं दाब, तळाचा थर तापत जातो. आन एक येळ आशी येती की समदा थर एकदमच पेटतो. आख्ख्या गोळ्यावर. थोडक्या येळात भडका हून जातो, सपतो. मंग पुन्यांदा साचायला सुरुवात. पुन्यांदा भडका. "काही शास्त्रज्ञांनी कागदावर मांडलंय," तुमी म्हनला. "अजून कुणी पाहिलेलं नाही."

आन मी, ज्यानं शाळंची पायरी निस्ती बसायला वापरली, मी म्हनलं, "आसं हुनार न्हाई."

तुमी चहाचा कप खाली ठिवला. "का होणार नाही?"

"मास्तर, मी रोज भट्टी पेटवतो. इस्तवात जे पडंल ते जळतं. थेंब पडला तर थेंब जळतो, लाकूड पडलं तर लाकूड जळतं. पडत्यालं पडू देतो, साचवतो, आन मंग एकदम पेटतो, आसला इस्तव मी बगितला न्हाई. इस्तवाला दम न्हाई निगत."

"अरे, पडल्या पडल्या पेटायला तिथे विस्तव नाही. दबल्याशिवाय पेटतच नाही ते."

"मंग तो इस्तवच न्हाई."

मूठ आपटली ती तवाच. कढईबी तवाच काढली तुमी.

किती दिस हे भांडन चाललं मास्तर. तुमी नवीन नवीन दाखले घिऊन यायचा आन मी बाद करायचो. गंजीचा दाखला आनला, म्हनला, ओल्या गवताची गंजी आतनं तापते आन एक दिवस पेटते. मी म्हनलं, ती कुनीतरी बिडी टाकल्यामुळं पेटती, भावकीत इचारा. पार शेवटी तुमी एक दिस जरा नमतं घेतलं. म्हनला, "वायू फार जोरात, फार जास्त पडत असेल तर तू म्हणतोस तसं होईल. सतत जळत राहील. पण बेताबेताने पडला तर साचेल, आणि साचला की भडकेल." मी एवढंच आयकलं की मी म्हनतोय तसं हुईल. लगेच समद्या हाटेलाला माज्याकडनं चहा. ठकूनं चहा केला आन मला आत बोलावून जे काय दिलं ते बाईंनी लिवलं न्हाई तर बरं.

आता एक सांगतो. काई येळा मला पटलेलं आसायचं. तरीबी मी न्हाई म्हनायचो. पटलं म्हनलं आसतं तर तुमी दुसरा चहा घिऊन बसला नसता. घरी तुमाला वाट बगनारं कोन न्हवतं, आन मला हाटेलात माज्याशी बोलनारं दुसरं कोन न्हवतं. बाकीची मानसं माज्यावर हासायची. तुमी माज्याशी भांडायचा. त्यात लई फरक हाय. ह्ये तुमाला कदी बोललो न्हाई. बोललो आसतो तर तुमी म्हनला आसता, "गेनू, विषय बदलू नकोस."

मंग तुमची छाती दुखाय लागली. नगरला फोटू काढून आला. मी इचारलं, काय निगालं? तुमी म्हनला, "त्या ताऱ्याला ज्या किरणांनी पाहतात त्याच किरणांनी मला पाहिलं. ताऱ्याचं बरं चाललंय." मी हासलो. माज्याएवढा येडा मानूस नसंल, मास्तर. मला वाटलं, ह्ये निस्तं चेष्टेचं हाय.

पुन्यांदा नगरला जायच्या दिशी गाडी यायला येळ हुता. तुमी खडू घेतला, पाटीवर लिवलं, आन मला वाचून दावलं. "मेलेला तारा पुन्हा भडकतो. अजून कोणी पाहिलेलं नाही. पाहतील." मी म्हनलं, "हे भांडन मिटायच्या आत पाटीवर लिवायचं न्हवतं. ही तुमची दांडगाई झाली." तुमी गाडीत चढता चढता म्हनला, "मी आलो की पुसून दाखव."

तुमी आला न्हाई. तुमी आल्यावर पुसायचं ठरलं हुतं. आता ठरलेलं कुनासंगट मोडू?

तुमच्या मागं जे झालं ते आता आयका, आन हितं मदी बोलायचं न्हाई.

तुमचा दहावा झाला आन वाण्याच्या गल्लीतली सखुआत्या हाटेलात आली. तुमाला ठावं हाय ती, जिचा किसन पलटनीत हुता आन बांगलादेशच्या लढाईतनं आला न्हाई. तिनं एका गिऱ्हाइकाला पाटी वाचायला लावली. त्यानं वाचली. आत्या उठून हुभी ऱ्हायली. म्हनली, "मास्तरांनी सोताचंच लिवलं रं. जाताना लिवून ठिवलं, मी परत येनार." मी म्हनलं, आत्या, त्यो तारा हाय. ती म्हनली, "तुला काय कळतंय? तुला वाचता येतंय का?" मी गल्ल्यातली चिल्लर मोजाय लागलो.

दुसऱ्या दिशी पाटीखाली नारळ. तिसऱ्या दिशी गुलाल, उदबत्ती. आन मंग गावातनं, वाडी-वस्तीवरनं मानसं याय लागली. तुमी, ज्यानं गिराण लागल्यावर पोरांना मुद्दाम भाईर काढून काळ्या काचंतनं सूर्य दावला आन बायाबापड्यांच्या शिव्या खाल्ल्या, त्या तुमच्या खडूच्या अक्षराला लोकं हात जोडाय लागली. एक जन तर पाटीला इचारत हुता की हिरीला पानी लागंल का.

आन खरं सांगतो, मी गप बसलो. हाटेल कदी न्हाई ते भरून वाहत हुतं. दर्शन घेतलं की मानसाला चहा लागतो, चहासंगट भजी लागत्यात. कढई उतरतच न्हवती. ठकू एक दिस कढईवरनं मान न फिरवता म्हनली, "तुमच्या दोस्ताला देव करून खाताय व्हय आता?" मी म्हनलं, मी काय केलं, लोकं करत्यात. ती म्हनली, "व्हय. तुमी कवा काय करताय."

मंग तुमचे अण्णा आले. धाकटे भाऊ, पर तुमच्यापरीस थोरले दिसत्यात. नगरला कचेरीत कारकून, सावेडीला घर. हाटेलाची जागा तुमच्या घरची, आता त्यांच्याच नावावर. बाकड्यावर रुमाल टाकून बसले, पाटीकडं न बगताच म्हनले, "गेनबा, ते पुसून टाका."

"का वो अण्णा?"

"कचेरीत लोक विचारतात, तुमच्या भावाचं भूत झालं म्हणे. भूत नाही म्हणावं तर म्हणतात, मग देव झाला का? मला काय उत्तर द्यावं कळत नाही. तो गेला. त्याला नीट जाऊ द्या."

"पुसत न्हाई, अण्णा."

"जागा आमची आहे."

"जागा तुमची हाय, खाली करतो. पाटी माजी हाय. डोक्यावर घिऊन जाईन."

"आणि हा गुलाल? हे त्याला चाललं असतं?"

मी फडकं घिऊन बाकडं पुसाय लागलो.  अण्णा म्हनले, बाजारच्या दिशी येतो, तवर इचार करा.

बाजारच्या दिशी अण्णा आले. हाटेलात पाय ठिवायला जागा न्हाई. सखुआत्या पाटीम्होरं बसलेली, ठकू भज्यांच्या घान्यावर घाना काढतीय, तेलाचा धूर निस्ता वर चाललाय. आन एकदम धुराड्यातनं आवाज आला. कसा आवाज, तर मालट्रक अंगावर येतोय आसा. वर बगितलं तर पत्र्याचं धुराडं खालनं वर लाल हुत चाललंय, आन भाईरनं लोकं वरडाय लागली की पत्र्यावर जाळ हाय, मानूसभर उंच. मी काय केलं? मी गल्ला उचलून बाकड्याखाली शिरलो. ठकूनं ओलं पोतं भट्टीच्या तोंडावर टाकलं. जेवढ्या येळात आला तेवढ्याच येळात जाळ सपला. धुराडं काळं झालं, तडतडलं, गप झालं.

आन सगळं हाटेल खाली वाकलं. कोनतरी म्हनलं, "मास्तर आले." मंग समदेच म्हनाय लागले. अण्णांचं तोंड पांढरं फटक पडल्यालं. त्यांनी निस्ता रुमाल हातात धरलेला. माज्या मनात आलं, ह्यो कारकून मानूसबी आता हात जोडतोय.

मी बाकड्याखालीच ऱ्हायलो आसतो, मास्तर. तितं काय वाईट न्हवतं. पर सखुआत्या धुराड्याकडं बगून म्हनली, एकदम बारीक आवाजात, "मास्तर आलं म्हंजी माजा किसनबी येतोय."

तवा मी भाईर निगालो. गुडघ्यावरच निगालो, उठायला सुदरलं न्हाई. बाकड्यावर चढलो आन म्हनलं, "आयका. मास्तर आलेले न्हाईत. ही माजी घान हाय."

कुनाला कळंना. मी वर हात घालून धुराड्याची खालची जोडनी उपसली. हात भाजला, तुमी आसता तर मूर्ख म्हनला आसता. आतनं पापुद्रे पडले. काजळीवर तेल, तेलावर काजळी, बोटभर जाड चिकाट, अर्धं जळल्यालं. मी म्हनलं, "हे बगा. ह्ये तुमी खाल्लेल्या भज्यांचं तेल हाय. रोज धुरासंगट वर जातं, आत चिकटतं. ह्ये धुराडं मी कवा साफ केलं ते माज्या बायकोला इचारा."

ठकू पोत्यावर पाय देऊन हुभी हुती. म्हनली, "माजं लगीन झाल्यापास्नं एकदाबी न्हाई."

"आन लगीन कवा झालं?"

"कवा झालं ते इसरायचा प्रयत्न करतीय."

मागं कोनतरी हासलं. मग दुसरा हासला. मला लोकं हासायला लागली की मला बळ येतं, मास्तर, आयुक्षात दुसरं काय कमावलंय मी? मी बोलत सुटलो. म्हनलं, ह्या घानेरड्या मानसाच्या हाटेलात तुमी खाताय. रोज थर साचत गेला. रोज जाळ लागत हुता खालनं, तरीबी रोज न्हाई पेटलं. साचलं, दबलं, तापलं, आन आज गर्दी वाढली, कढई उतरली न्हाई, तवा समदं एकदम पेटलं. वरपातूर. आन सपलं. उद्यापास्नं पुन्यांदा साचनार, कारन मी हाय तसाच हाय. मास्तर म्हनत हुते, लांब तितं एक मेलेला तारा हाय, त्याच्यावर आसंच हुतं. वायू पडतो, थर साचतो, थर भडकतो. थर पेटतो, मेलेला उठत न्हाई. मेलेला मेलेलाच ऱ्हातो. मी त्यांच्याशी भांडत हुतो की आसं हुतच न्हाई.

बोलता बोलता मला कळलं की मी तुमचीच बाजू मांडतोय. चार लोकांत. भाजलेल्या हातानं. लई राग आला मला. तुमी समोर नसताना तुमी मला हारवलं.

सखुआत्या म्हनली, "म्हंजी मास्तर न्हाईत?"

"न्हाई, आत्या. मास्तर गेले."

तवर ह्ये मी तोंडानं बोललो न्हवतो. सभेतबी न्हाई. नगरला गेलेत, आसंच मनात चाललं हुतं.

"आन माजा किसन?"

मी बाकड्यावरनं खाली उतरलो. "तारा येगळा, आत्या. मास्तर येगळे. किसनबी येगळा."

 आत्यानं खाली पडलेला एक पापुद्रा चिमटीत धरला, हुंगला, आन म्हनली, "म्हंजी ह्या तुज्या मळाच्या पाया पडत हुते व्हय रं मी, मुडद्या?" तिनं आपला नारळ उचलला, फरशीवर फोडला, अर्धा ठकूला दिला आन अर्धा सोता खात बसली. डोळ्यातनं पानी चाललेलं आन खोबरं चावतीय. ठकू तिच्याजवळ जाऊन बसली. 

गर्दी सपली. भजी तशीच पडली, माज्या हातचं कोन खानार आता? अण्णा तेवढे ऱ्हायले. रुमाल घडी करून खिशात ठिवला, पाटीजवळ गेले आन पयल्यांदा नीट वाचली. गुलाल त्यांनी सोताच फडक्यानं पुसला, अक्षराला धक्का न लावता. मग फडकं हातात घिऊन म्हनले, "आणि कुणीच पाहिलं नाही तर, गेनबा? असलं काही नसेलच वर, तर?"

"तर मास्तर चुकले."

"तुम्हाला चालेल?"

"न चालायला काय झालं? मानूस हुते, चुकतील. देव केला आसता तर चुकताबी आलं नसतं त्यांना. भूत केलं आसतं तर निस्तं भ्या वाटलं आसतं. चुकायचं तर जित्या मानसावानी चुकू द्या की. आन बरोबर निगाले, तर तेबी कुना भटानं सांगितलं म्हनून न्हाई. कुनीतरी बगितलं म्हनून."

अण्णांनी फडकं बाकड्यावर ठिवलं. म्हनले, "राहू द्या पाटी." मग बाकडं वढून बसत म्हनले, "चहा आहे का?"

तर मास्तर, पाटी हाय. पावसाची झड आतवर येती म्हनून मी तिला भट्टीच्या मागच्या भिताडावर घेतलंय. भाव आता तोंडीच सांगतो, आन गिऱ्हाइकबी कमी झालंय, तवा भाव सांगायचं कामबी कमी. ठकूनं मला धुराडं घासायला लावलं. घासताना काजळी नाकातोंडात गेली, दोन दिस काळा शिंकत हुतो.

आता नीट आयका, कारन मी शरन आलो आसं तुमाला वाटत आसंल. मी आलेलो न्हाई. धुराडं म्हंजी तारा न्हवं. सुप्याच्या फाट्यावर तेल पेटलं, तेवढ्यावरनं वर वायू पेटतो आसं ठरत न्हाई. ही माजी अक्कल न्हाई, तुमचीच हाय, तुमीच मला बजावलं हुतं की दाखला म्हंजी पुरावा न्हवं. तुमच्याच काठीनं तुमाला हानतोय. ते वर फिरनारं यंत्र जवा बगंल, आन शानी मानसं म्हनतील की व्हय, भडकला, सपला, पुन्यांदा भडकला, तवाच मी हारलो म्हनीन. आन तवा पाटी पुसायची का न्हाई ते मीच ठरवीन, तुमचा हक्क गेला. तवर कुनी काय म्हनू द्या. बाई आत्ता इचारत हुत्या, एवढं कठोर लिहू का, ते गेलेत आता. मी म्हनलं, गेलेत म्हनूनच लिवा. समोर आसते तर मी जरा नमतं घेतलं आसतं.

अण्णा आताशा दर आयतवारी येत्यात. सावेडीहून गाडी पकडून, चहाच्या निमतानं. तुमची पुस्तकं घरी नेल्यात त्यांनी, वाचत्यात, आन हितं येऊन तुमच्या बाजूनं माज्याशी भांडत्यात. पर त्यांना येत न्हाई वो मास्तर. मी आडवं बोललो की ते कचेरीत बसल्यावानी गप हुत्यात, म्हनत्यात, "बघावं लागेल." मूठ आपटत न्हाईत. कढई काढत न्हाईत. गेल्या आयतवारी तर म्हनले, "असेलही, गेनबा, तुमचंच बरोबर असेल." मी जिंकाय लागलोय, मास्तर. जल्मात पयल्यांदा. आन मला ते आजाबात खपत न्हाई.